दात बघणारा अंगठा

सकाळी चहाच्या वेळी अण्णांनी नातीच्या तोंडात अंगठा घातला आणि डॉक्टरच्या हातातला कप ओठांपर्यंत पोचता पोचता मध्येच थांबला. तसं पाहिलं तर त्यात काहीच नव्हतं. ठमीचा खालचा दात हलत होता, पडत नव्हता, म्हणून ती घरभर तोंड वेंगाडून फिरत होती. आणि दातांच्या बाबतीत आजोबांचा शब्द घरात शेवटचा. 'आ कर' असंसुद्धा ते म्हणाले नाहीत. डाव्या हातानं तिची हनुवटी खालून धरली, उजव्या हाताचा अंगठा ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवला, आणि ठमीचं तोंड आपोआप उघडलं. "अजून दुधाचेच दात," ते सुनेकडे बघून अगदी गंभीरपणे म्हणाले, "पण आता दोनदाती व्हायला टेकलीय. भाव चढणार हिचा." सून हसली. ठमी अंगठ्यासकट हसली. डॉक्टर त्या अंगठ्याकडे बघत राहिला. कोपऱ्यातून. गाईबैलांच्या जबड्यात पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू व्हायच्या असतात तिथं रिकामी जागा असते. तिथं अंगठा घातला की जनावर चावू शकत नाही, तोंड उघडतंच. माणसाच्या जबड्यात अशी जागा नसते, पण हाताला हे कोण सांगणार? हात आयुष्यभर एकच वाट चालला होता आणि त्याच वाटेनं नातीच्या तोंडात शिरला होता. अंगठा लाळेनं ओला होऊन बाहेर आला. अण्णांनी तो खिशातल्या रुमालाला पुसला आणि पुन्हा आत घातला.

"हात काढा!" डॉक्टर ओरडला.

ठमी दचकली, तिनं मान मागे घेतली आणि दात अण्णांच्या अंगठ्याच्या नखाला लागून सुटून आला. तांदळाच्या दाण्याएवढा दात, त्याच्या बुडाला रक्ताचा एक टिपका. ठमीनं रडायचं की मिरवायचं हे ठरवायला आईच्या तोंडाकडे बघितलं. आई डॉक्टरकडे, ठमीच्या बापाकडे, बघत होती. "काय झालं तुला? केवढ्याने ओरडलास!" "काही नाही," तो म्हणाला, "हात... स्वच्छ नसतील." "अरे, आत्ताच अंघोळ करून आलोय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी दोन्ही तळवे त्याच्यासमोर धरले. स्वच्छ होते. खरखरीत, गुलाबी, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. हेच तळवे, असेच पसरलेले, डॉक्टरनं आठवड्यापूर्वी बघितले होते. उन्हात. गुरांच्या बाजाराच्या फाटकावर. तो उठला, कप तसाच ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली.

नळ सोडून तो तिथल्या कट्ट्यावर बसला. घरातला डॉक्टर म्हणजे गुरांचा डॉक्टर. शेजारपाजारचे लोक हे विसरून त्याच्याकडे घसा दाखवायला येत आणि तो त्यांना सांगे की चार पाय असते तर काहीतरी करता आलं असतं. आत्ता त्याला कुठलाच विनोद सुचत नव्हता. ठमीला काही होणार नाही, हे त्यानं पहिल्यांदा स्वतःला बजावलं. लाळ्या-खुरकुताचा रोग माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. माणूस तो फक्त वाहून नेतो. बुटाला, चाकाला, कपड्याला लावून इकडून तिकडे नेतो आणि स्वतः ठणठणीत राहतो. हे वाक्य तो प्रत्येक गावात, प्रत्येक सभेत बोलला होता. 'बुटाला, चाकाला, कपड्याला.' बोटांवर मोजून मोजून सांगताना त्याची स्वतःची बोटं हवेत असत, आणि 'हाताला' असं त्याच्या तोंडून एकदाही आलं नव्हतं.

गेले काही दिवस कचेरीतल्या भिंतीवर नकाशा लावलेला होता आणि त्यात लाल डोक्याच्या टाचण्या टोचलेल्या होत्या. मागच्या बाजारातून गेलेली जनावरं जिथं जिथं आजारी पडली तिथं तिथं टाचणी. तोंडातून तारा लोंबाव्यात तशी लाळ, जिभेवर फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा, उभं राहवत नाही, वासरं तर उभ्या उभ्या कोसळलेली. मोठ्या मॅडम रोज सकाळी नकाशासमोर उभ्या राहून एकच विचारत, "यांच्यात सारखं काय आहे?" आणि रोज उत्तर हेच की काहीच नाही. ट्रक एक नाही, व्यापारी एक नाही, वैरण एक नाही, पाण्याचा हौद एक नाही. काही जनावरं तर विकलीसुद्धा गेली नव्हती, आली तशी परत गेली होती. बाजाराच्या या टोकाला बांधलेलं एक आजारी, त्या टोकाचं एक आजारी, आणि मधली रांगच्या रांग धडधाकट. "वारा असेल," तो एकदा म्हणाला होता. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "वारा असा निवडून निवडून शिवतो का हो?" सगळे हसले होते, तोही हसला होता. तोवर तीन गोठे रिकामे करून झाले होते. या साथीसाठी वरून नियमच आला होता तसा: रोग निघाला त्या गोठ्यातली सगळी गुरं मारून पुरायची, आजारी असोत नसोत. हुकूम त्याच्याच तोंडून सुटायचा. पांढरा अंगरखा, तोंडाला फडकं, आणि खड्ड्याच्या कडेला उभं राहायचं. दुसऱ्या गोठ्यावरच्या बाईनं त्याला विचारलं होतं, "हिला तर काहीच झालेलं नाही, हिला कशाला?" ती गाय तिच्या खांद्याला तोंड घासत होती. त्यानं जे उत्तर द्यायचं ते दिलं होतं. ते उत्तर बरोबर होतं, आणि घरी येऊन तो जेवला नव्हता.

फाटकावरची व्यवस्था मात्र त्याची स्वतःची होती, आणि तिचा त्याला गर्व होता, हे कबूल करायलाच हवं. शेजारच्या मुलुखात रोग आल्याची कुणकुण लागताच त्यानं बाजाराच्या तोंडाशी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा उथळ हौद बांधून घेतला होता. चाक त्यातून, खूर त्यातून, बूट त्यातून. व्यापारी कुरकुरले, 'डॉक्टर, आता आंघोळच घाला आम्हाला' म्हणाले, पण त्यानं कुणाची गय केली नाही. आणि मग उन्हात छत्री मिरवत अण्णा आले. बाजारात त्यांना 'दातवाले अण्णा' म्हणत. त्यांनी दलाली सोडून किती वर्षं झाली, तरी दर बाजाराला बसनं येत, मधल्या लिंबाखाली बसत, आणि घेणारा नि विकणारा भांडायला लागले की दोघंही त्यांना हाक मारत. अण्णा तोंडात अंगठा घालत आणि वय सांगत. त्यांनी सांगितलं की वाद मिटला. म्हाताऱ्या गाईला तरणी करून विकण्यासाठी लोक दात कानशीनं घासतात. घासलेला दात डोळ्याला फसवतो, अण्णांच्या अंगठ्याला फसवत नाही. याचं ते काही घेत नसत, एक चहा सोडून. तर ते फाटकाशी आले, पोराला वर्दीत बघून फुलले, आणि हौदात चपला बुडवता बुडवता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घे बाबा, माझेही खूर धुऊन घे." फाटकावरची माणसं खो-खो हसली. मग छत्रीचं टोक बुडवलं. मग दोन्ही तळवे पुढं केले. "आणि हे?" म्हणाले. "हे नको का धुवायला?" डॉक्टर लाजला होता. हाताखालच्या माणसांसमोर बापानं आपली टर उडवावी! "जा हो अण्णा," तो म्हणाला होता, "उगाच खोळंबा करू नका." आणि अण्णा हसत आत गेले होते.

नळाचं पाणी बादलीतून वाहायला लागलं होतं. त्यानं ते थांबवलं नाही. त्याला तो हात फार पूर्वीपासूनचा दिसायला लागला. लहानपणी घरी आले की अण्णा हात धूत, पण हाताचा वास जात नसे: ओलसर, गवताळ, किंचित आंबूस, जनावराच्या श्वासाचा वास. त्याच हातानं ते त्याला घास भरवत, आणि तो वास त्याला आवडायचा, अन्नाचाच वाटायचा. ताईला तर तो वास इतका आवडे की अण्णा झोपले की ती त्यांचा हात नाकाशी घेऊन बसे. बाजारात न्या म्हणून ती हट्ट धरायची आणि अण्णा म्हणायचे, बाजार ही पोरींची जागा नव्हे. नि त्याला न्यायचे, जो शिंगं दिसली की अण्णांच्या पायाला मिठी मारायचा. "घाल अंगठा, घाबरू नकोस, तिथं दातच नाहीत." पहिल्यांदा घातला तेव्हा ती उबदार, खडबडीत जीभ त्याच्या बोटाभोवती वळली होती आणि तो किंचाळला होता. पुढे कॉलेजात हेच त्यानं सगळ्या वर्गासमोर करून दाखवलं. मास्तर म्हणाले, कुणाकडून शिकलास रे? बापाकडून, असं सांगताना त्याची मान ताठ झाली होती. आज ती मान कुठं लपवावी हे त्याला कळेना. आणि ताई? ताईनं चांगली बँकेतली नोकरी सोडून, सगळ्यांच्या बोलण्याला पुरून उरत, शहराच्या कडेला गोठा घातला. अण्णांनी तिला 'माझं चुकलं' असं कधी म्हटलं नाही. ते फक्त दर बाजारी येताना तिच्याकडे...

तो उभा राहिला. नाही, म्हणाला. मोठ्यानं म्हणाला असावा, कारण बाहेरून बायकोनं दारावर थाप मारली. "बरा आहेस ना?" "आलोच," तो म्हणाला. आणि त्या आलोच म्हणण्यात आणि कडी काढण्यात जो काय थोडा वेळ गेला तेवढ्यात त्याच्या मनात एक विचार येऊन गेला, अगदी सहज, शेजाऱ्यासारखा डोकावून: कुणाला कळणार आहे? अंगठ्याचं कुणाला माहीत? नकाशासमोर मॅडम आणखी आठ दिवस विचारतील, मग रोग विझेल, मग विचारायच्या थांबतील. ताईचा गोठा गुरं हलवायच्या बंदीच्या हद्दीबाहेर आहे, तिकडं कुणाचं लक्षही नाही. हा विचार कुणाचा, हे त्याला ओळखू आलं नाही. त्यानं आरशात बघितलं तर तिथं तोच होता, दाढी अर्धी वाढलेला, आणि त्याला स्वतःची भीती वाटली.

अण्णा काचा लावलेल्या बाल्कनीत आपल्या खाटेवर बसले होते. तिथंच त्यांचं बिऱ्हाड: खाट, ट्रान्झिस्टर, छत्री. ठमीचा दात त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून दिला होता आणि ठमी तो शेजारच्यांना दाखवायला गेली होती. डॉक्टर स्टूल ओढून समोर बसला. "अण्णा, मागच्या बाजारात तुम्ही कुणाकुणाचे दात बघितलेत?"

अण्णांचा चेहरा उजळला. उजळलाच, दुसरा शब्द नाही त्याला. इतक्या वर्षांत पोरानं त्यांच्या धंद्यातलं असं बसून काही विचारलं नव्हतं. ते मांडी घालून सरसावून बसले. "बघ हां. गेल्या गेल्या ती पांढरी, लांबून आलेली, त्या बाईची. चारदाती म्हणत होती, निघाली जुळलेली, आठही दात आलेली. मग टेकाडावरच्या पैलवानाचा बैल, तो अगदी त्या टोकाला होता. मग दूधवाल्याची काळी, पण ती विकली नाही, भाव आला नाही. मग..." ते सांगत होते आणि डॉक्टरच्या डोळ्यांपुढं भिंतीवर टाचण्या टोचल्या जात होत्या. पांढरीची टाचणी. पैलवानाची. दूधवाल्याची, जिचं कोडं कुणालाच सुटलं नव्हतं. एकही चुकत नव्हती. अण्णा आनंदानं सांगत होते, मध्येच हसत होते, एका गाईनं त्यांना कसं ढकललं त्याची नक्कल करत होते. त्याला वाटलं, बस करा, आता बस करा. पण विचारणं भागच होतं.

"त्या पहिल्या पांढरीचं तोंड कसं होतं?"

"तोंड?" अण्णा आठवू लागले. "लाळ जरा जास्त होती. जीभ गरम लागली हाताला. मी म्हटलं, उन्हातनं आलीय बिचारी." मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं, किंवा मुलाच्या तोंडावर काहीतरी दिसलं असावं. त्यांचा आवाज खाली आला. "का रे?"

"हात धुतलात? तिच्यानंतर?"

"रुमालाला पुसला की."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलला पंप मारत होतं. फुस् फुस् असा आवाज येत होता. डॉक्टरनं सभांमधून सांगितलेली सगळी वाक्यं आठवून बघितली. एकही घरात बोलण्यासारखं नव्हतं. तो नुसता त्यांच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. अण्णांनीही आपल्या हाताकडे बघितलं. तो गुडघ्यावर उपडा पडला होता. त्यांनी सावकाश तो उलटा केला, अंगठा जरा वर उचलला, आणि बराच वेळ त्याच्याकडे, कुणा दुसऱ्याचा असावा तसे, पाहत राहिले.

"माझ्या हातानं?" ते म्हणाले.

डॉक्टरनं मान हलवली. हो म्हणून की काय, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"परवा टीव्हीवर खड्डा दाखवत होते," अण्णा म्हणाले. "तोंडाला फडकं बांधून तू उभा होतास. मी सूनबाईला म्हटलं, आपलाच ना गं हा? ती वासरं..." ते थांबले. "सगळ्यांनी विश्वासानं तोंडं उघडली रे माझ्यापुढं. एकही जनावर झिडकारत नाही मला." डॉक्टरला त्यांचा हात धरावासा वाटला. त्यानं तो धरला नाही, आणि आपण का धरला नाही हे कळून तो आणखीच हादरला. एक आठवडा झाला होता, त्या हाताला कितीदा साबण लागला होता, शास्त्र सांगत होतं की त्यावर आता काही नाही. तरी त्यानं धरला नाही.

"अण्णा," तो म्हणाला, "बाजारातनं निघालात ते सरळ घरी आलात ना?"

अण्णांनी अंगठा मुठीत मिटला.

"ताईकडे उतरलात का?"

"तिची ती तांबडी कालवड," अण्णा हळूहळू म्हणाले. "दात पडायला लागलेत म्हणाली. मी म्हटलं बघू. पहिला दात आला की नाही, एवढंच... मला गूळ दिला तिनं, कालवडीला भरवा म्हणून. मी हातानं चारला." त्यांनी उजवा हात डाव्या काखेत घातला, मग डावाही उजव्या काखेत, आणि ते थंडी वाजावी तसे आवळून बसले. "तिचा गोठा... तिचापण खड्डा करशील?"

या प्रश्नाला उत्तर होतं आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. ताईच्या दारातली एकूण एक गाय डॉक्टरला नावानं माहीत होती. ताईनं नावंसुद्धा अशी ठेवली होती, मावश्या, आत्या, काक्या, सगळ्या नातेवाइकांच्या चालींवरून, आणि दूध काढता काढता ती त्यांच्याशी त्या त्या बाईच्या आवाजात बोलायची. आज दुपारी तिच्याकडे एक गिऱ्हाईक दोन कालवडी न्यायला येणार होतं. बंदीच्या बाहेर असल्यामुळं विक्रीला मोकळीक होती. त्यानंच तिला कालच्या फोनवर सांगितलं होतं, खुशाल विक, तुझ्याकडे काही भीती नाही. त्या कालवडी ट्रकमधून कुठल्या कुठं गेल्या असत्या, तिथून पुढं आणखी कुठं. त्याच्या डोक्यात नकाशा त्याच्या कडेच्या पलीकडे, भिंतीवरून, खिडकीबाहेर वाढत चालला. त्यानं खिशातून फोन काढला. तो विचार पुन्हा डोकावला, कुणाला कळणार आहे. अण्णा त्याच्याकडे बघत होते. त्यांनी कधी त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. जनावर बघतं तसं, काही न मागता.

"मी सांगतो तिला," अण्णा म्हणाले. "माझ्या तोंडून कळू दे. तू फक्त नंबर लाव." डॉक्टरनं फोन पुढं केला, तेव्हा त्यांनी मान जोरानं हलवली. हात काखेतून काढले नाहीत. "तूच धर. मी नाही हात लावत कशाला."

त्यानं नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजावर टाकून दोघांच्या मध्ये धरला. ताईनं लगेच उचलला. मागं कुठल्यातरी इंजिनाची घरघर चालू होती. "अरे, बरं झालं तूच केलास! गिऱ्हाईक लवकरच आलंय, ट्रक दारात उभा आहे माझ्या. आणि इकडं ही तांबडी बया, सकाळपासून वैरणीला तोंड लावत नाही, नुसती मचमच करतेय. अण्णा आहेत का? त्यांना जरा पाठवतोस? तोंड बघून जातील तिचं."

"ताई," डॉक्टर म्हणाला, "ट्रक सोडू नकोस. एकही जनावर हलवू नकोस."

"का रे? असा का बोलतोस?"

अण्णा पुढं वाकले. "बाळ," ते म्हणाले, "तिच्या तोंडाला हात लावू नकोस. कुणालाच लावू देऊ नकोस."

पलीकडून ताई हसली, मोकळी, जुनी, बाजारात न्या म्हणून हट्ट धरणाऱ्या पोरीसारखी. "आता काय सांगताय अण्णा! मघाशीच बघितलं की मी. ही खात नाही म्हटल्यावर म्हटलं बाकीच्यांचीही तोंडं बघून टाकावीत, ट्रकमध्ये चढायच्या त्या दोघींचीसुद्धा. ओळीनं सगळ्यांची बघितली. अगदी तुम्ही शिकवलंत तशी, कोपऱ्यातून अंगठा घालून. एकीनंसुद्धा मान हलवली नाही."